सव्वादोन युनिट

कंपनी म्हणाली होती पंच्याऐंशी किलोमीटर.
बाबा म्हणाले, मोजले कोणी?
मागच्या सीटवर कोण होतं? वारा कुठल्या बाजूचा?

छत्तीस वर्षं त्यांनी बेस्टचे मीटर वाचले,
नायगाव, शिवडी, काळाचौकीचे जिने चढून,
जिन्याखालच्या अंधारात टॉर्च दातात धरून.
आकडा स्वतः पाहिल्याशिवाय
ते कशालाच हो म्हणत नाहीत.

स्कूटर जुनी. कुर्ल्याच्या नजीबकडून, सत्तेचाळीस हजारांत.
नवीसाठी शोरूमला गेले होते,
मुलगा म्हणाला, मॅडम, सबसिडी कमी झाली,
मागच्या महिन्यात यायचं होतंत.
मागच्या महिन्यात बाबांचे पाय नुसते सुजले होते,
आणि आम्ही म्हणत होतो, उन्हाने असेल.

नजीबने सीट उचलून पेटी दाखवली.
पैसा हिचा. बाकी सगळा पत्रा.
ही थकली की नवी बावन्नची,
म्हणजे गाडीपेक्षा गाडीचं काळीज महाग.

परळच्या लॅबमधून मी चष्म्याच्या काचा पोचवते,
दादर, माहीम, भायखळा.
काचांचं वजन गाडीला कळतही नाही.
मंगळवार, गुरुवार, शनिवार
पहाटे साडेपाचला मागे बाबा बसतात,
वडाळ्याहून डायलिसिसला.

त्यांनी वही घातली.
'ग्राहकाचे नाव' या रकान्यात माझं नाव, पूर्ण, आडनावासकट.

*पुढच्या चाकात हवा बावीस. पाच किलोमीटर गिळले.*
*सिग्नल सुटला की मुलगी पळवते. पळवू नये. एकसष्ट.*
*पुलावर चढताना दोन टक्के गेले,*
*उतरताना ब्रेकने थोडे परत केले.*
*नोकरीत असा पूल भेटला नाही.*

सोसायटीत शहाडे म्हणाले, कॉमन मीटरवर चालणार नाही.
बाबांनी खिडकीतून आमचीच वायर खाली सोडली,
मध्ये एक छोटा मीटर बसवला
आणि शहाडेंना बोलावून दाखवला:
वाचा. मोठ्याने वाचा.
शहाडेंनी वाचलं. त्यानंतर ते जिन्यात भेटले की
आधी आमच्या मीटरकडे बघायचे.

मीटर देतो सव्वादोन युनिट, गाडीत पोचतात दोन.
पाव कुठे जातं?
यावर बाबांनी तीन दिवस काढले.

जूनमध्ये वहीत नवा रकाना आला. *मागचे वजन.*
तिथे डायलिसिसच्या आधी काटा असतो, नंतरही असतो,
दोन्ही आकडे ते पाठ करून येतात.
*जाताना ६१.४. येताना ५८.९.*
*परतीला अर्धा टक्का कमी लागला.*
त्याखाली, रेघ ओढून: *नफा.*

मी हसले. तेही हसले.
पानं उलटत गेले तशी
एकसष्टाची साठ झाली, साठाची सत्तावन्न,
पावसात मध्ये दोन आठवडे कोरे,
मग चोपन्न, तेच वळणदार अक्षर,
आणि समोर रेंज: चौसष्ट, पासष्ट, अडुसष्ट.
बॅटरी तर जुनी होत चालली होती.
नजीबला फोन केला, असं कसं?
तो जरा थांबला. म्हणाला,
लोड कमी असेल ताई.

मी वही मिटून होती तिथे ठेवली.
दुसऱ्या दिवशी सिग्नल सुटल्यावर
पळवली नाही.

आता थंडीत बाबांची बोटं निळी पडतात,
मुंबईची थंडी ती केवढी,
पण त्यांना पुरते.
काल रात्री पाणी प्यायला उठले तर
खिडकीशी खुर्ची ओढून बसलेले,
दोन्ही तळवे चार्जरवर पालथे घातलेले.
छोटा हिरवा दिवा लुकलुकत होता.

सापडलं, म्हणाले. पाव युनिट.
हात लावून बघ.

मी हात लावला. ऊबदार होता,
नुकत्याच उठलेल्या माणसाच्या उशीसारखा.

वहीत लिहू का, विचारलं,
वाया म्हणून?

नको, म्हणाले. वापरात आहे.